पुष्पाबाई हसायला शिकतात

जळगावात पिंप्राळ्याकडच्या एका कॉलनीत रोज सकाळी सहाला वीस-पंचवीस म्हातारी माणसं ओपन स्पेसमध्ये गोल करून उभी राहतात आणि हसतात. विनोद कोणी सांगत नाही. प्रेमराजभाऊ टाळी वाजवून इशारा देतात आणि हो हो, हा हा हा सुरू होतं. पहिल्या पहिल्यांदा समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायचा. आता तोही भुंकत नाही.

या हास्य क्लबाचे अध्यक्ष रुपचंद नाना. जिल्हा परिषदेतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली, स्टेंट बसवावी लागली, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, चिडचिड कमी करा, माणसांत जा, हसत राहा. नानांनी नोकरीत वरून आलेला प्रत्येक आदेश पाळला होता. हाही पाळला. सहा महिन्यांत ते क्लबाचे अध्यक्ष झाले. उशिरा येणाऱ्याला गोलात घेण्याआधी ते त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवतात. हसताना त्यांची मिशी हलते, डोळे जागचे हलत नाहीत.

त्यांची बायको पुष्पाबाई हे सगळं ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता बघायच्या. बघताना चेहऱ्यावर काही नसायचं. सून पुनम एकदा म्हणाली, "आई, तो पांढऱ्या टोपीवाला माणूस बघा, हसतोय का शिंकतोय कळत नाही." पुष्पाबाईंनी बघितलं, "हं" म्हटलं आणि मेथीची पुढची काडी उचलली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पुनमने सासूला हसताना ऐकलेलं नव्हतं. आधी तिला वाटलं, आपण नको आहोत. मग लक्षात आलं, की सासू कोणाकडेच बघून हसत नाही, टीव्हीवरच्या माकडचेष्टांकडे बघूनसुद्धा नाही. स्वभाव असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

स्वभाव नव्हता.

पुष्पाबाईंचं माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री रस्त्यावरून आत गेल्यावर लागणारं एक लहान गाव. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणींचा तो सगळ्यात मोठा सण. दिवाळी चुकली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आली पाहिजे. झाडाझाडाला झोके, घरोघरी गौराई, सांजोऱ्या, आंब्याचा रस. पुरुष पत्त्यांत गुंतलेले, त्यामुळे बायकांना विचारणारं कोणी नाही. पुष्पाबाईंच्या गावात आणखी एक चाल होती. गौर बोळवायला दोन शेजारच्या गावांच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर जमायच्या आणि एकमेकींच्या गावाला गाण्यातून शिव्या द्यायच्या. जिच्या शिवीला दोन्ही काठ हसतील तिचं गाव जिंकलं. कधी कधी ढेकळंही चालत. त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नाही, हा नियम पोरीबाळींनाही ठाऊक होता.

पुष्पा या कामात पटाईत होती. आवाज खणखणीत आणि हसणं त्याहून मोठं. अलीकडे पुष्पा हसली की पलीकडे बैल कान टवकारतात, असं बायका म्हणायच्या. आणीबाणीच्या वर्षात तिचं लग्न झालं आणि पुढची आखाजी ही तिची सासरहून आलेली पहिली आखाजी. नाल्याच्या काठी उभी राहून तिने सुरू केलं:

"त्या गावमा मीठ नही,
नवरदेवले मिशी नही."

तिकडच्या काठावर लताबाई नावाची तिच्याच वयाची एक तोंडाळ पोर होती. ती काही बोलेना. नुसती तोंडाला पदर लावून पुष्पाच्या मागे बघत राहिली. मग ओरडली, "पुष्पा वं, मांगे देख. तुना नवराले तरी कोठे शे मिशी?"

पुष्पाने मागे वळून पाहिलं. निंबाखाली रुपचंद उभा होता. जळगावच्या कचेरीत नवा लागलेला कारकून, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. सणाचा दिवस संपायच्या आतच बायकोला न्यायला आला होता. दोन्ही काठांवरच्या बायका जमिनीला टेकेपर्यंत हसल्या. आणि नियमाप्रमाणे, सवयीप्रमाणे, सगळ्यांत मोठ्याने पुष्पा हसली.

चूक झाली ती एवढीच. रुपचंदचं घर जळगाव शहरातलं. त्याच्या घरात आखाजी म्हणजे पितरांसाठी घागर भरायची आणि पुरणपोळी खायची. नाल्यावरचा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता, आणि सांगावा लागतो हे पुष्पाच्या गावात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो तिथे काहीच बोलला नाही. जळगावला घरी आल्यावर, चपला काढायच्या आधी, म्हणाला, "हे हसणं पुन्हा माझ्या कानावर पडता कामा नये."

त्याने हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तशी गरज पडली नाही. ती हसली की तो ताटावरून उठायचा आणि मग दोन-तीन दिवस बोलायचा नाही. सासू म्हणायची, माझ्या पोराला उपाशी ठेवतेस का? पुष्पा पदराचा बोळा तोंडात धरून हसू दाबायला शिकली. मुलगा रविंद्र झाल्यावर त्याला खेळवतानाही ती आधी दाराकडे बघायची. पुढे दाबायची गरज उरली नाही. नेमकं कधीपासून, ते त्यांना सांगता येत नाही. वापरात नसलेली विहीर कधी आटली ते कोणाला सांगता येतं?

माहेरचा भाऊ दर आखाजीला न्यायला यायचा. दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी सासूचं दुखणं, कधी मुलाची परीक्षा, कधी ऑडिट. दिवाळीत रुपचंद स्वतः तिला न्यायचा आणि स्वतः परत आणायचा. आखाजीला नाही. काही वर्षांनी भावाने येणं सोडलं. करोनात तो गेला. रुपचंदने मात्र नाल्यावरच्या त्या आखाजीनंतर महिन्याभरातच मिशी ठेवली होती. ती अजून आहे. दर रविवारी ते तिला कलप लावतात.

गेल्या हिवाळ्यात पुष्पाबाईंना रात्र रात्र झोप येईना. रक्तदाब वर गेला. कॉलनीतल्या डॉक्टर समीक्षा यांनी गोळी बदलली आणि विचारलं, "काकू, दिवसभरात कोणाशी बोलता?"

पुष्पाबाई विचार करू लागल्या. उत्तर नानांनी दिलं. "बोलायला काय कमी आहे? घर भरलेलं आहे. मी तर रोज सांगतो, क्लबात चल, हस जरा."

हे त्यांनी कधीच सांगितलेलं नव्हतं.

"हसण्याचा उपयोग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "श्वास खोल जातो, छाती-पोटाचे स्नायू हलतात, नाडी जरा वाढते आणि नंतर अंग सैल पडतं. वयस्कर लोकांवर थोडेफार अभ्यास झालेत. झोप सुधारते, मन हलकं होतं, असं त्यांत दिसलं आहे. अभ्यास लहान आहेत, तेव्हा गोळी बंद करायची नाही. आणि खरं सांगायचं तर निम्मा गुण हसण्याचा आणि निम्मा घराबाहेर पडून चार माणसांत उभं राहण्याचा असावा."

"ऐकलंस?" नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई गोलात उभ्या राहिल्या. प्रेमराजभाऊ जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले, पुण्याला जाऊन दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेले, मनाने चांगले गृहस्थ. लस्सी हास्य झालं, म्हणजे लस्सी एका ग्लासातून दुसऱ्यात ओतल्यासारखे हात करायचे आणि डोकं मागे टाकून हसायचं. मोबाइल हास्य झालं. पुष्पाबाईंनी हात बरोबर केले, तोंडही उघडलं. आतून काही आलं नाही. उकळी फुटायच्या आत गॅस संपावा तसं झालं.

"अक्का, लाजू नका," प्रेमराजभाऊ म्हणाले. "खोटं हसा. पोटातून हवा ढकला. शरीराला काय, खरं-खोटं समजत नाही."

मग मौन हास्य आलं. ओठ मिटून, आवाज न करता हसायचं. पुष्पाबाईंनी ओठ मिटले, खांदे हलले, डोळे बारीक झाले, गळ्याची शीर ताणली. प्रेमराजभाऊंनी सगळ्यांना थांबवलं. "बघा बघा. असं पाहिजे. अक्का, कुठे शिकलात?"

पुष्पाबाई नानांकडे बघत होत्या. नाना टाळ्या वाजवत होते.

आवाज मात्र दोन-तीन महिने झाले तरी आला नाही. इतरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण गलक्यात कोण हसतं आणि कोण नाही ते कळत नाही. वाटलं ते पुष्पाबाईंना. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, की आपलं हसू आपण झाकून ठेवलंय. चावी आपल्याकडे आहे, हवं तेव्हा काढता येईल. सासू गेली, मुलगा मोठा झाला, तरी काढायची वेळ आली नाही, पण आहे ही खात्री होती. आता सगळे मिळून काढ म्हणत होते, आणि कप्पा उघडला तर आत काही नव्हतं. रात्री त्या पडल्या पडल्या त्याचा विचार करायच्या. झोपेचं औषध म्हणून सांगितलेल्या गोष्टीने उरलीसुरली झोप घालवली.

उन्हाळा लागला. क्लबाचा वर्धापन दिन मुहूर्त बघून आखाजीला ठरला. मांडव, पाहुणे, डॉक्टरांचं व्याख्यान, आणि शेवटी अध्यक्ष आणि त्यांच्या सौभाग्यवती यांचं 'जोडीनं हास्य'. रात्रीच्या जेवणाला नानांनी कार्यक्रम वाचून दाखवला.

"आखाजीला मी माहेरी जाईन," पुष्पाबाई म्हणाल्या.

पुनमचा वाढायचा हात थांबला.

"माहेरी कोण आहे आता?" नाना म्हणाले. "भाऊ नाही, भावजय पोराकडे सुरतेला. कुलूप लावलेल्या घराला काय ओवाळणार आहेस?"

"लताबाई आहे."

"कोण लताबाई?"

"नाल्याच्या पलीकडची."

नानांचा हात मिशीकडे गेला आणि तिथून खाली आला. "अजून ते डोक्यात आहे तुझ्या?"

"तुमच्या नाही?"

"माझ्या डोक्यात कसं नसेल? दोन गावं हसली होती माझ्यावर. तरी मी एका शब्दाने काही बोललो नाही."

"घरी आल्यावर बोललात."

"काय बोललो?"

पुष्पाबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या तोंडात ते फार दिवस पडून होतं, त्यामुळे एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

नानांनी भात कालवला. "असं काही मी म्हटल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले. "म्हणालो असेन एखादेवेळी गमतीनं. मनाला लावून घ्यायची सवयच आहे तुला."

ते खोटं बोलत नव्हते, हे पुष्पाबाईंना दिसत होतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. आठवत असतं तर भांडता आलं असतं. त्यांनी ताट उचललं आणि पुनमला म्हणाल्या, "सकाळची पहिली बस किती वाजता आहे ते बघ."

आखाजीच्या दिवशी त्या एकट्याच निघाल्या. पारोळा, धुळे, तिथून साक्रीची गाडी आणि शेवटी रिक्षा. मनात एकच होतं. हसू उरलं असेल तर ते तिथेच असेल. नसेल तर निदान कळेल.

नाल्यावर सिमेंटचा बंधारा झाला होता. निंब होता, त्याला दोन झोके होते, आणि झोक्यांवर पोरी एकमेकींचे व्हिडिओ काढत होत्या. काठावर ढेकळं हातात घेऊन कोणी उभं नव्हतं. ती चाल बंद होऊन बरीच वर्षं झाली, असं एका पोरीने सांगितलं. एका वर्षी शिवीवरून पुरुषांत मारामारी झाली, मग पंचायतीने थांबवलं. पुष्पाबाई बंधाऱ्यावरून पलीकडच्या गावात गेल्या.

लताबाई ओसरीत खाटेवर होत्या. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात मांडीवर मेल्यासारखा, तोंड एका बाजूला ओढलेलं. जीभ मात्र शाबूत होती. भोवती सणाला आलेल्या लेकी-नाती आणि आळीतल्या चार म्हाताऱ्या. पुष्पाबाईंना ओळखायला त्यांना एक क्षण लागला.

"उनी का वं?" त्या म्हणाल्या. "इतला वरीसमा आज याद उनी?" आणि पुष्पाबाई बसायच्या आतच नातीकडे वळून, "हाईच ती. मिशीवाली पुष्पा."

सगळ्या जणी एकदम सावरून बसल्या. सगळ्यांना पुष्पाबाई माहीत होत्या. दर आखाजीला लताबाई ती गोष्ट सांगायच्या, असं नातीने सांगितलं. नाल्यावरचा खेळ बंद झाला, पण गोष्ट चालूच राहिली. लग्नात सांगितली जायची, पापड लाटताना सांगितली जायची. मुंबईला दिलेल्या पोरी फोनवर ऐकायच्या. लताबाईंना झटका आल्यावर दवाखान्यात त्यांना बोलता येईना, तेव्हा लेकीने रोज उशाशी बसून तीच गोष्ट त्यांना सांगितली. डॉक्टर म्हणाले होते, यांना आवडेल ते बोलत राहा. आई पहिल्यांदा हसली ती मिशीपाशी, लेक म्हणाली, आणि तिने डोळे पुसले.

लताबाईंनी गोष्ट पुन्हा सांगितली. मीठ, नवरदेव, निंबाखालचा इस्त्रीचा शर्ट. इतक्या वर्षांत तिला अंग फुटलं होतं. आता रुपचंदच्या हातात बर्फीचा पुडा होता आणि तो खाली पडत होता. वाकड्या तोंडातून शब्द निसटत होते, पण बायकांना पाठच असल्याने कुठे अडत नव्हतं. त्या आधीच हसू लागल्या होत्या.

"मंग?" लताबाईंनी शेवटी विचारलं. "आते तरी शे का मिशी त्यास्ले?"

"शे," पुष्पाबाई म्हणाल्या. "काळी करतंस."

ओसरी फुटली. एक म्हातारी खांबाला डोकं टेकून गदागदा हलू लागली. लताबाईंच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. सगळ्या हसता हसता पुष्पाबाईंकडे बघत होत्या. त्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता. शेवटी पुष्पा हसते, दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी.

पुष्पाबाईंनी वाट पाहिली. पोटात जागा होती, आवाज निघायचा तो रस्ताही ओळखीचा वाटत होता. त्या रस्त्याने काही आलं नाही. पुढचं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. निंबाखालून घरी गेल्यावर काय झालं, भाऊ दर वर्षी रिकाम्या हाताने का परतला, आपण आखाजीला का दिसलो नाही. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी लताबाईंचा मांडीवरचा हात पाहिला. ही गोष्ट पुन्हा या ओसरीत कोणी सांगणार नाही, एवढं त्या वाक्यात वजन होतं.

मग त्यांनी प्रेमराजभाऊंनी शिकवल्याप्रमाणे केलं. डोकं थोडं मागे टाकलं, पोट आत ओढलं आणि हवा ढकलली. पहिला हो कोरडा निघाला. दुसरा मोठा होता. तिसऱ्यापासून आवाज लागला आणि तो लागल्यावर त्यांनी तो वाढवत नेला, हा हा हा, टाळी, पुन्हा हो हो. झोक्यावरच्या पोरी धावत बघायला आल्या.

लताबाईंनी चांगल्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "तेच हासू शे," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "जराबी बदलनं नही."

पुष्पाबाईंना त्या गावात सांजोरी वाढली, रस वाढला, ओटी भरली. संध्याकाळच्या गाडीने त्या परत निघाल्या.

नाना तीन दिवस बोलले नाहीत. कार्यक्रमात त्यांना एकट्यानेच जोडीनं हास्य करावं लागलं होतं. चौथ्या दिवशी पुष्पाबाई सकाळी सहाला गोलात जाऊन उभ्या राहिल्या. लस्सी हास्याला त्यांचा आवाज इतका मोठा निघाला, की समोरच्या बंगल्यातला कुत्रा बऱ्याच महिन्यांनी भुंकला. प्रेमराजभाऊंनी सगळ्यांकडून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. आता तो आवाज रोज येतो. सांगितलं की येतो, थांब म्हटलं की थांबतो.

गुण आला, हेही नोंदवलं पाहिजे. पावसाळ्याच्या तपासणीत रक्तदाब उतरलेला निघाला. रात्री चार-पाच तास सलग झोप लागते. डॉक्टर समीक्षांनी, हे नव्या गोळीमुळे असेल, रोजच्या बाहेर पडण्यामुळे असेल, हसण्यामुळेही असेल, असं सांगून तेच औषध पुढे चालू ठेवलं. लताबाईंच्या घरून पुनमच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. नातीने ओसरीत काढलेला. पुनमने तो दोनदा पाहिला आणि सासूला दाखवून म्हणाली, "आई, किती छान हसता तुम्ही. इतके दिवस लपवून का ठेवलं?" पुष्पाबाईंनी चष्मा लावून तो नीट बघितला. फोन परत दिला.

परवा क्लबात नवीन सभासद आले, बायको नुकतीच वारलेले एक शिक्षक. त्यांना हसायचा संकोच वाटत होता. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुष्पाबाईंकडे बोट केलं.

"ही आमची मंडळी," ते म्हणाले. "आयुष्यभर हिला हसणं माहीत नव्हतं. शेवटी मी शिकवलं."

शिक्षकांनी आदराने मान हलवली. पुष्पाबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. तोवर प्रेमराजभाऊंनी टाळी वाजवली होती आणि गोलातले सगळे हात वर गेले होते. पुष्पाबाईंनीही वर केले.